पेशवाजचं वय

चिनहटला आमच्या शेजारी राहणाऱ्या आपांनी एका दुपारी मला बोलावून घेतलं. लोखंडी पेटीतून चादरीत गुंडाळलेला एक झगा काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवला. गुलाबी साटन, त्यावर छातीपासून घेरापर्यंत काचमण्यांच्या वेली, मधूनमधून सितारे. "ग़दर के पहले का है, बेटा. बेगम साहिबा की दी हुई पेशवाज."

नातीचं लग्न ठरलं होतं. दिल्लीचा एक व्यापारी झगा घ्यायला तयार होता, पण वयाबद्दल त्याला कुणाचं तरी लेखी मत हवं होतं. मी काही वर्षं जुन्या कापडांच्या नोंदी करण्याचं काम केलं आहे, हे आपांना ठाऊक. त्यांना माझ्याकडून फक्त चार ओळी हव्या होत्या.

चिनहटमध्ये 'ग़दर' हा शब्द कुणी पुस्तकातून शिकत नाही. ३० जून १८५७ रोजी इथेच, इस्माइलगंजजवळ, बरकत अहमद यांच्या नेतृत्वाखालच्या शिपायांनी हेन्री लॉरेन्सच्या फौजेचा पराभव केला आणि इंग्रज लखनौच्या रेसिडेन्सीत कोंडले गेले. त्यामुळे इथली प्रत्येक जुनी वस्तू त्या तारखेकडे झुकते. आपल्याकडे नाही का, जुनी विहीर दिसली की ती अहिल्याबाईंची आणि जुनी तलवार दिसली की ती पेशवाईतली!

पेशवाज या शब्दाने मराठी कान टवकारतातच. पण तिचा पेशव्यांशी संबंध इतकाच, की दोन्ही शब्दांत फारसीतला 'पेश', म्हणजे पुढचा, आहे. पेशवाज म्हणजे पुढून उघडणारा घेरदार झगा. माझ्यासमोरचा झगा मात्र पाठीमागून उघडत होता, आणि तोही टिच बटणांनी. टिच बटणाचं पेटंट १८८५ सालचं, जर्मनीतलं.

अर्थात बटणं नंतरही लावता येतात. जुन्या कपड्याचं वय ठरवताना ही पहिली सावधगिरी. कपडा कधी शिवला आणि कधी दुरुस्त झाला, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नोटा तपासायचा जांभळा टॉर्च टाकला तर अस्तर निळसर चमकलं. तसा चमकणारा पदार्थ धुण्याच्या पावडरीत विसाव्या शतकात आला. पण त्यातून एवढंच कळतं, की झगा कधीतरी तशा पावडरीने धुतला होता. सगळ्यात झगझगीत पुरावा हाच सगळ्यात कुचकामी ठरला.

मग शिवण पाहिली. वरून आणि खालून सारखीच दिसणारी, मशीनची. सिंगरचं पेटंट १८५१ सालचं, आणि हिंदुस्थानातल्या घरांमध्ये मशीन यायला पुढे बरीच वर्षं गेली. पण शिवणही उसवून पुन्हा घालता येते. म्हणून मी झगा उलटा केला. मण्यांची एक वेल बाजूच्या शिवणीवरून पलीकडे गेली होती आणि तिचा दोरा शिवणीच्या आतल्या दुमडीतूनही गेला होता. म्हणजे आधी शिवण, मग मणी. इथे कसलीही पळवाट उरत नव्हती. निखळलेल्या दोऱ्याचं टोक काडीपाशी नेलं तर ते राख न होता वितळून टणक गोळी झालं. तो नायलॉन होता, आणि नायलॉन जगापुढे आलं १९३८ साली. सितारे चांदीचे नव्हते, जिलेटिनचेही नव्हते. चमकदार प्लास्टिकच्या पातळ पत्र्यातून कापलेले असे सितारे १९५० नंतरचे. कपडा त्याच्या सगळ्यात नव्या, वेगळ्या न करता येणाऱ्या भागाहून जुना असू शकत नाही. झगा फार तर साठ-पासष्ट वर्षांचा होता.

उलट्या बाजूने आणखी एक गोष्ट सांगितली. लखनौच्या जरदोजीत कापड आधी अड्ड्यावर ताणून बसवतात, कारागीर त्याभोवती बसून आरीने भरतात, आणि मग ते शिंप्याकडे जातं. शिवलेल्या झग्यावर मांडीवर घेऊन काम केलं होतं, म्हणजे हे कारखान्यातलं नव्हतं, घरातलं होतं. आणि हात दोन होते. एकाच्या गाठी बारीक, सारख्या अंतरावर. दुसऱ्याचा दोरा कुठे ओढलेला, कुठे सैल, एकेका मण्यामागे तीन-तीन गाठी.

आता चार ओळी काय लिहायच्या?

सोपं उत्तर आहे : खरं लिहायचं. पण या उत्तराचा मोबदला देणारी मी नव्हते. घरात लग्न होतं, आणि ग़दरच्या आधीच्या पेशवाजला जो भाव मिळाला असता तो साठ वर्षांच्या झग्याला कोण देणार? पलीकडे होता तो एक व्यापारी, जो तीच गोष्ट आणखी चढवून पुढच्या गिऱ्हाइकाला सांगणार. घराण्याच्या एका आठवणीला मान डोलावल्याने नेमकं कुणाचं नुकसान होतं?

हा प्रश्न मी दोन दिवस टाळला. त्या दोन दिवसांत मला सारखी आठवत होती आमच्या माहेरची एक पैठणी. पणजीची. एके काळी जुनी जर विकत घेणारे दारोदार फिरत. पदर आणि काठ जाळायचे, उरलेली चांदी तोलायची आणि त्या वजनाचे पैसे द्यायचे. आमच्या पैठणीचंही तेच झालं. तिथे वयाला शून्य किंमत होती. आज तिचंच वय सांगून लोक लिलावात बोली लावतील. दोन्ही बाजारांत एक गोष्ट मात्र सारखी आहे. ती कुणी विणली, हे तेव्हा तराजूवाल्याने विचारलं नाही आणि आज बोली लावणाराही विचारणार नाही. एकाला चांदी हवी, दुसऱ्याला साल.

इथवर आल्यावर मला नुकसान कुणाचं ते दिसलं. झग्याला शंभर वर्षं वाढवून दिली, की तो कुणा अनाम कारागिराचा होतो, बेगमेचा होतो, ग़दरचा होतो. ज्या दोन बायकांनी मांडीवर घेऊन तो भरला त्यांचा मात्र राहत नाही. खोटं वय घेणाऱ्याला फसवतं, हे खरंच. पण त्याआधी ते करणाऱ्याचा हात पुसून टाकतं, आणि त्याची तक्रार करायला कुणी येत नाही.

मी आपांकडे गेले. पुराव्यांची यादी न वाचता झगा फक्त उलटा करून त्यांच्यापुढे धरला आणि म्हटलं, "आपा, यात दोन हात आहेत."

त्या बराच वेळ बघत राहिल्या. मग सैल दोऱ्याच्या वेलीवर बोट ठेवून म्हणाल्या, "ये वाली मेरी है." त्या तेव्हा बारा-तेरा वर्षांच्या होत्या. आई लोकांचे कपडे मजुरीवर भरायची. हा झगा तिने उरल्यासुरल्या मण्यांतून लेकीसाठी केला होता. सासरी मजुरीचं सांगायची लाज वाटली, म्हणून आईनेच पढवलं होतं, की विचारलं तर बेगम साहिबांचं नाव घ्यायचं. साठ वर्षं तेच सांगता सांगता त्यांना तेच आठवायला लागलं होतं. याला मी खोटेपणा म्हणू शकत नाही. ज्या समाजात कपडा भरणारीपेक्षा तो भेट मिळालेलीची प्रतिष्ठा जास्त, त्या समाजाने हे तिच्याकडून वदवून घेतलं होतं. आणि वयाचा दाखला मागणारा बाजार, दाखला देणारी मी, आम्हीही त्याच समाजातले.

सत्य सांगितल्याने सगळं गोड झालं असं नाही. व्यापाऱ्याने देऊ केलेल्या रकमेत लग्नाचा मांडवही उभा राहिला नसता. आपांनी झगा विकला नाही, पैसे कर्जाऊ काढले. ते कर्ज फेडण्यात माझा वाटा काही नाही, आणि हे मला टोचत राहतं. खरं बोलणाऱ्याला ते बोलणं बहुधा फुकट पडतं. त्याचा खर्च दुसऱ्याच्या दारी जातो. तरीही मी त्या चार ओळी वेगळ्या लिहिल्या असत्या असं आज वाटत नाही. फक्त त्या लिहिल्यामुळे आपण शुद्ध ठरलो, असंही वाटत नाही.

त्या ओळी शेवटी व्यापाऱ्यासाठी उरल्याच नाहीत. आपांनी मला तो कागद पुन्हा लिहायला लावला. साटन, काचमणी, नायलॉनचा दोरा, १९६०च्या सुमाराला, चिनहट. मग म्हणाल्या, करणाऱ्याच्या जागी अम्मीचं नाव घाल. मी घातलं. त्यांनी ते दोनदा वाचलं, आणि विचारलं, "आणि माझं?"

दुसरं नाव मी त्याखाली लिहिलं. कागद आता झग्यासोबत त्या पेटीत आहे.