झाकणाखालचा पट्टा

दर खंडेनवमीला आई ओझरहून फोन करते आणि एका दमात दोन गोष्टी विचारते: गाडीची पूजा केलीस का, आणि ती गाडी विकलीस का. पहिल्याला मी हो म्हणतो. दुसऱ्यावर गप्प बसतो. "अरे, वस्तूत एवढा जीव अडकवू नये," असं म्हणून ती फोन ठेवते. चौदा वर्षं हे चाललंय. तिचा प्रश्न खराच आहे. गेली काही वर्षं मी तो मनावर घेतला आहे.

गाडी म्हणजे १९८७ची पोर्शे ९४४. लाल रंगाची, बटण दाबलं की दिवे वर उचलणारी. २०११ साली मिशिगनमध्ये साडेपाच हजार डॉलरला घेतली. जुनी स्पोर्ट्स कार घेताना एक गोष्ट कुणी सांगत नाही. तिची किंमत उतरते, पण तिच्या सुट्या भागांची आणि मजुरीची किंमत उतरत नाही. साडेपाच हजारांच्या गाडीचं काम नव्या पोर्शेच्याच दराने होतं. क्लच बदलायचा म्हटलं तर इंजिन पुढे, गिअरबॉक्स मागच्या चाकांपाशी, दोन्हींच्या मधे लांब नळी आणि क्लच मात्र पुढे इंजिनाला चिकटलेला. म्हणजे आधी सायलेन्सर उतरवा, मग गिअरबॉक्स, मग ती नळी मागे सरकवा, तेव्हा कुठे क्लच दिसतो. प्लेटच्या तिप्पट मजुरी मी दिली आहे.

पैसे गेल्याचं दुःख विसरता येतं. चुकीच्या कामाचं विसरता येत नाही. २०१३ साली गाडी अचानक सुरू होईना. एका वर्कशॉपने पेट्रोलचा पंप गेला म्हणून नवा टाकला आणि ६४० डॉलर घेतले. आठ दिवसांनी गाडी पुन्हा बंद. शेवटी दोष निघाला आगपेटीएवढ्या एका रिलेत. आतलं डाग दिलेलं जोडकाम तडकलं होतं, त्यामुळे पंपाला वीजच मिळत नव्हती. या गाडीचं हे नेहमीचं दुखणं. जुना पंप चांगला होता. तो त्यांनी फेकूनही दिला होता.

पण मला सांगायचं आहे ते पट्ट्याबद्दल.

या इंजिनाच्या तोंडाशी दोन दातेरी पट्टे असतात. एक टायमिंगचा, एक बॅलन्स शाफ्टचा. आत काचेचे धागे, वर रबर. टायमिंगचा पट्टा तुटला की पिस्टन वर येऊन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतात, व्हॉल्व्ह वाकतात, आणि हेड उतरवावं लागतं. बॅलन्सचा तुटला तरी निभावेलच असं नाही, कारण तो सुटून टायमिंगच्या पट्ट्यात अडकू शकतो. जाणकार सांगतात, चार वर्षं किंवा तीस हजार मैल, जे आधी येईल तेव्हा पट्टे बदला. यातलं 'चार वर्षं' महत्त्वाचं. गाडी उभी असली तरी रबर म्हातारं होतं. काहीही न करण्याने काहीही टिकत नाही, हे मला त्या पट्ट्याने शिकवलं.

२०१६ साली मी एका वर्कशॉपकडे हे काम दिलं. सात आठवडे गाडी तिकडे. पावतीवर लिहिलेलं होतं: दोन्ही पट्टे, रोलर, ऑइल सील, वॉटर पंप. सतराशे डॉलर. मी पावती फाइलला लावली आणि पाच वर्षं निश्चिंत राहिलो. दर खंडेनवमीला बॉनेटवर हळदकुंकू, झेंडूचं फूल, चाकाखाली लिंबू. मुलगी लहान होती, ती घंटी वाजवायची.

२०२१ला क्लच गेला तेव्हा गाडी तासाभरावरच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडे नेली. एकट्याचं गॅरेज, पण हात स्वच्छ ठेवणारा माणूस. त्याने क्लचआधी बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवलं आणि मान कलती करून ऐकत राहिला. मग म्हणाला, पुढचं झाकण उघडू का?

झाकण निघालं. टायमिंगचा पट्टा पाच वर्षांचा होता, म्हणजे तेवढा बदललेला होता. दुसरा पट्टा जुनाच. त्याच्या पाठीवर आडव्या बारीक भेगा, उन्हाळ्यात तळं आटल्यावर चिखलाला पडतात तशा. सीलमधून गळलेलं तेल त्यात मुरलेलं. त्याने रोलर काढून माझ्या तळहातावर ठेवला आणि बोटाने फिरवायला सांगितला. चांगला रोलर जडपणे, मुकाट्याने फिरतो, कारण आत ग्रीस असतं. हा भिंगरीसारखा सुटला आणि आतून वाळू रगडल्यासारखी खरखर आली. पाच वर्षं मी मुलीला शेजारी बसवून ही गाडी ताशी सत्तर मैलांनी चालवत होतो.

त्या रात्री मला राग आला तो फक्त वर्कशॉपचा नव्हता. मी पूजा कशाची करत होतो? झाकणाच्या वर फूल आणि झाकणाखाली मरत आलेला पट्टा. माझी पूजा खोटी होती का?

आईच्या शब्दाचा अर्थ मला तिथे पहिल्यांदा लागला. जीव अडकला होता खरा, पण तिला वाटत होतं तिथे नाही. मी गाडी धूत होतो, लाल रंगाला पॉलिश करत होतो, आणि झाकण उघडायला मात्र कचरत होतो. काय निघेल याची भीती होती. पावती हवी होती ती विश्वासासाठी नव्हे, बघावं लागू नये म्हणून. मोह म्हणजे वस्तूवर खूप लक्ष असणं, असं आपण धरून चालतो. माझा अनुभव उलटा आहे. मोहात माणूस वस्तूकडे बघणंच टाळतो, कारण नीट बघितलं की ती झिजताना दिसते.

रथाचे अवयव काढून ठेवले तर रथ उरतो कुठे, असं भिक्षू नागसेनाने मिलिंद राजाला विचारलं होतं. सगळे भाग बदलल्यावर ही गाडी तीच राहिली का, असं मित्रही मला विचारतात. तो प्रश्न मला छळत नाही. मला छळतो तो पुढचा प्रश्न: अवयव झिजणारच असतील, तर त्यांच्याशी माणसाने कसं वागावं?

वडील ओझरच्या मिग कारखान्यात एकतीस वर्षं फिटर होते. तिथल्या कामाचा एकच नियम त्यांनी घरी आणला. ज्याने हात लावला त्याने सही करायची, आणि ज्याने सही केली त्याने हात लावलेला असला पाहिजे. आमच्या बजाज चेतकचीसुद्धा वही होती. प्लग कधी साफ केला, केबल कधी बदलली, तारीख आणि सही. दसऱ्याच्या आदल्या दिवशी ते आधी चेतक उघडायचे, सगळं बघून, पुसून, बंद करायचे, आणि मग आईला म्हणायचे, आता लाव फूल. मला लहानपणी वाटायचं ते साफसफाई करतायत. पूजा तेव्हाच सुरू झालेली असायची.

रविवारी ते आम्हाला नाशिकला पांडवलेण्यांवर न्यायचे. त्या त्रिरश्मी डोंगरातल्या दहाव्या लेण्यात नहपान राजाच्या जावयाचा, उषवदाताचा लेख आहे. लेणं दान दिलं, एवढं म्हणून तो थांबत नाही. तीन हजार कार्षापण त्याने नाशिकजवळच्या गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवले. त्यातले दोन हजार दरमहा शेकडा एक व्याजाने. मूळ रक्कम परत करायची नाही, फक्त व्याज वापरायचं. त्या व्याजातून लेण्यात वर्षावासाला राहणाऱ्या वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण, चीवरासाठी. वीस गुणिले बारा, दोनशे चाळीस. आणि दोन हजारांवर शेकडा बाराने वर्षाचं व्याजही बरोबर दोनशे चाळीस. वडिलांनी हा हिशेब मला पायरीवर बसून करायला लावला होता. दगडात लेणं कोरणारा माणूस कापड फाटणार हे धरून चालला होता, दरवर्षी, कायमचं. आणि त्याने नुसता विश्वासही ठेवला नाही. हे सगळं निगमसभेत वाचून दाखवलं, फलकावर नोंदवलं, असंही लेखात आहे.

वैराग्य शिकवणाऱ्या धर्माने फाटणाऱ्या चीवराला तुच्छ मानलं नाही. पंढरपूरला विठ्ठलाच्या मूर्तीला वज्रलेप करावा लागतो, कारण भक्तांच्या स्पर्शाने पाय झिजतात. जिथे प्रेमाने हात लागतो तिथेच झीज होते, मग ती थांबवायलाही हातच लागतो. देवाच्या बाबतीत आपण हे समजून घेतो. वस्तूच्या बाबतीत मात्र एक तर तिला मिरवतो, नाही तर माया म्हणून झटकतो. दोन्हींत झाकण बंदच राहतं.

या पैशात दुसरं काही भलं झालं नसतं का, हा प्रश्न उरतोच. झालं असतं. त्यावर माझ्याकडे सफाईदार उत्तर नाही. पण मोह आणि देखभाल यांतला फरक मला आता ओळखता येतो. मोहाला वस्तू आहे तशीच राहायला हवी असते. देखभालीला पुढची तारीख माहीत असते.

२०२१ला म्हाताऱ्याने सगळं नव्याने केलं: दोन्ही पट्टे, रोलर, पुढची सगळी सील, वॉटर पंप. मी दोन दिवस शेजारी स्टुलावर बसून बघितलं. त्याने हरकत घेतली नाही. शेवटी मी एक वही पुढे केली. त्याने तारीख घातली, मैल लिहिले. ते मीटरवरून नव्हे, अंदाजाने, कारण मीटरची प्लॅस्टिकची दातेरी चकती कधीच तुटली आहे. मग सही केली.

चार वर्षं झाली म्हणून यंदा पट्टे पुन्हा बदलले. म्हाताऱ्याचे हात आता थरथरतात, त्यामुळे त्याने सांगितलं आणि मी केलं. मुलगी सतरा वर्षांची आहे, ती दिवा धरून उभी होती. ताण बघायला तो एक जुनी रीत दाखवतो. पट्ट्याचा लांब भाग अंगठा आणि तर्जनी यांत धरायचा आणि पीळ द्यायचा. पाव फेरा गेला पाहिजे, त्याहून पुढे जाता कामा नये. मी पीळ दिला, त्याने दिला. मग मी वहीत सही केली आणि वही मुलीकडे दिली, तिनेही करावी म्हणून.

तिने पेनचं टोपण काढलं, तारखेखाली आडनावाचं पहिलं अक्षर लिहिलं, आणि थांबली.

"बाबा, मी हात नाही लावलाय अजून."

तिने वही बॅटरीवर ठेवली, बाह्या वर केल्या, आणि इंजिनात वाकली.