नियतकालिकाची प्रत आणि प्रतिमा : जतनाचा नैतिक प्रश्न

जुन्या मराठी नियतकालिकांची पाने स्कॅन करून संगणकावर साठवण्याची उपयुक्तता वादातीत आहे. वाद आहे तो तिच्यामागे असलेल्या एका गृहीतकाशी. पानाची प्रतिमा हाती आली की नियतकालिकाचे जतन झाले, असे आपण मानू लागलो आहोत. पण ज्याचे जतन करायचे ते नियतकालिक म्हणजे नेमके काय, हा प्रश्न त्यापूर्वी विचारला जायला हवा.

ग्रंथ ही बऱ्याच अंशी सीमित संहिता असते. नियतकालिक तसे नसते. कथा, कविता, लेख यांच्याबरोबरच मुखपृष्ठ, जाहिराती, पोच, वाचकांची पत्रे आणि वर्गणीदारांना दिलेल्या सूचना मिळून त्याचा अंक घडतो. अभ्यासकांच्या दृष्टीने यांतले पहिले ते वाङ्मय आणि उरलेला तो अवशेष. हा भेद ग्रंथालयांनीही पाळला आहे. अंकांचे वार्षिक खंड बांधताना मुखपृष्ठे आणि जाहिरातींची पाने अनेकदा काढून टाकली गेली. अशा खंडाचे स्कॅनिंग झाले की ही गाळणी प्रतिमेतही उतरते. शिवाय पडद्यावर ती दिसत नाही, कारण बांधणीतली फट तिथे हाताला लागत नाही.

या गाळणीत कोण हरवते? कर्जत आणि खालापूर या तालुक्यांचे उदाहरण घेऊ. 1856 मध्ये लोहमार्ग पळसदरीहून खोपोलीपर्यंत पोहोचला; 1863 मध्ये बोरघाटातून तो पुण्याशी जोडला गेला. तेव्हापासून हा प्रदेश मराठी नियतकालिकांच्या दोन प्रमुख केंद्रांच्या मधोमध, त्यांच्या रोजच्या वाटेवर आहे. वाङ्मयेतिहासात मात्र त्याला वाटेवरच्या स्थानकापलीकडे फारसे स्थान नाही. इतिहास संपादकांचा आणि लेखकांचा लिहिला गेला. परिघावरचा वाचक शोधायचा तर तो एखाद्या पत्राखालच्या गावाच्या नावात, विक्रेत्यांच्या यादीत, वर्गणी पोचल्याच्या नोंदीत शोधावा लागतो. म्हणजे जे पान अवशेष म्हणून गळते, नेमक्या त्याच पानावर अशा प्रदेशाची खूण असण्याची शक्यता सर्वाधिक असते.

वर्गीकरणाची अडचण याहून सूक्ष्म आहे. कर्जत तालुका 1891 पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता. नंतर तो कुलाबा जिल्ह्यात आला, आणि त्या जिल्ह्याचे नाव 1981 मध्ये रायगड झाले. ठाण्याच्या ‘अरुणोदय’सारख्या 1866 मध्ये सुरू झालेल्या पत्रात या भागाचा उल्लेख शोधणाऱ्याला ‘रायगड’ हा शब्द काय उपयोगी पडणार? लेखनाचेही तेच. मराठी साहित्य महामंडळाच्या 1962 च्या नियमांनंतर अनुच्चारित अनुस्वार गेले. ‘तें’ आणि ‘ते’ हे वाचकाला एकच. यंत्राला ते एकच आहेत असे कोणीतरी सांगावे लागते. तेव्हा शोध ही तटस्थ क्रिया नव्हे. जे सापडत नाही ते नव्हतेच, अशी समजूत ती सहज रुजवते.

वाल्टर बेंजामिनने 1930 च्या दशकात यांत्रिक पुनरुत्पादनामुळे कलाकृतीचे अनन्यत्व लोपते असे मांडले. नियतकालिक मुळातच यंत्रोत्पादित. त्याच्या सर्व प्रती समान. पण इतर प्रती नष्ट होत गेल्या की शेवटची उरलेली प्रत अनन्य होते. हे अनन्यत्व निर्मितीतून आलेले नसते. ते आपल्या हेळसांडीतून आलेले असते, आणि म्हणूनच त्या प्रतीविषयीचे आपले उत्तरदायित्व वाढते. अमेरिकेतील ग्रंथालयांनी वृत्तपत्रांचे मायक्रोफिल्म करून मूळ संच मोडीत काढले. निकल्सन बेकर यांनी 2001 मध्ये त्यावर कठोर टीका केली. एका तंत्राच्या भरवशावर कागद गेला आणि त्या तंत्राच्या उणिवा मागाहून कळल्या.

यावर एक रास्त आक्षेप संभवतो. सह्याद्रीच्या पायथ्याच्या मुसळधार पावसात, ओलसर भिंतींच्या लहान वाचनालयात कागद टिकवा म्हणणे हे शहरी अभ्यासकाचे सोवळेपण नाही काय? आक्षेपात तथ्य आहे. कसर लागलेल्या कपाटात कोणतेही पावित्र्य नसते, आणि दूरच्या विद्यार्थ्याला घरबसल्या पान वाचता येणे हा ज्ञानाचा लोकशाही विस्तारच आहे. तेव्हा स्कॅनिंग केलेच पाहिजे. पण प्रतिमा आपल्याला अवधी मिळवून देते. जबाबदारीतून मोकळीक देत नाही.

स्कॅन करणारा केवळ तंत्रज्ञ राहत नाही; काय राहावे हे ठरवणारा तो संपादकच असतो. म्हणून संपादकाची नीती त्यालाही लागू होते. अंक मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत घ्यावा, गहाळ पानांची नोंद करावी, स्थळांची जुनी-नवी नावे एकत्र द्यावीत आणि प्रतिमा झाली म्हणून प्रत रद्दीत घालू नये. एवढे करूनही कातकरी आणि ठाकर यांची मौखिक परंपरा या संग्रहात येणार नाही, कारण ती छापली गेली नाही तेथे स्कॅन करण्यासारखे पानच नाही. संग्रहातले हे मौन त्या प्रदेशाचे मौन समजू नये. संग्रहाने आपली अपूर्णता स्वतःच सांगावी, ही त्याच्या प्रामाणिकपणाची किमान अट आहे.