तापणारी पृथ्वी आणि पाण्याचा वाटा



ऑगस्ट 2019 मध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ कृष्णेने 57 फुटांची पातळी ओलांडली. तेथील धोक्याची पातळी 45 फूट आहे. पाणी ओसरून शाळा सुरू झाली तेव्हा सातवीतल्या एका मुलाने मला विचारले, "गुरुजी, आपल्याकडं मोटार नाही, कारखाना नाही. मग पृथ्वी आपण कवा तापवली? आणि घर मात्र आपलंच का गेलं?" मी त्याला पुस्तकातले उत्तर दिले. ते अपुरे होते हे मला त्याच वेळी कळत होते.

त्याच आठवड्यात वस्तीतील एक आजी नदीची ओटी भरायला निघाल्या होत्या. घर बावीस प्रतिज्ञा घेतलेले. दुसरे एक गृहस्थ म्हणाले, "मागल्या जन्मीचे भोग, दुसरं काय!" मी दोघांनाही हसलो नाही. ज्याचे घर वाहून गेले त्याला कारण हवे असते, आणि खरे कारण कोणी सांगितले नाही तर माणूस जुन्याच कारणाला धरून बसतो. तथापि आपण हे लक्षात घेतले पाहिजे की, गरिबीचे व दुःखाचे मूळ पूर्वजन्मात शोधणारी शिकवण बाबासाहेबांनी नाकारली, कारण तीत समाज सहीसलामत सुटतो. नदीच्या कोपाचेही तसेच आहे. ओटी भरली की विचारायचे काही उरत नाही.

मग खरे कारण कोणते? कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे 280 भाग होते. आज ते 420 च्या वर गेले आहेत. हे दगडी कोळसा आणि खनिज तेल जाळण्याचे फळ होय. हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते. म्हणून पाऊस येतो तेव्हा कोसळतो, नाही तेव्हा दडी मारतो. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत पाटण तालुक्यात मिरगाव व आंबेघर येथे दरडी कोसळून माणसे गाडली गेली. त्याच सातारा-सांगलीत माण, खटाव, आटपाडी, जत येथे टँकरची वाट पाहणारी गावे आहेत. एप्रिल 2016 मध्ये तर मिरजेहून लातूरला रेल्वेने पिण्याचे पाणी न्यावे लागले.

सगळाच पूर तापमानवाढीच्या माथी मारणेही बरोबर नाही. पूररेषेत उभी राहिलेली बांधकामे आहेत, धरणांचे पाणी केव्हा सोडले हा वाद आहे. पण त्या मुलाचा प्रश्न याच्याही पलीकडचा होता. गावाबाहेरची सखल जागा त्याच्या पणजोबाने आपखुशीने निवडली होती काय? पाऊस जात पाहून पडत नाही हे खरे. मात्र कोणाचे घर कोठे असावे हे जातीनेच ठरवले होते. धूर सोडणारे एक आणि बुडणारे दुसरे, हा अन्याय जगभर आहे. आपल्या गावात तो मातीच्या उतारावर दिसतो.

यावर उपाय म्हणून यंत्रे आली आहेत. पाटणजवळच्या वनकुसवड्याच्या पठारावर आणि कवठेमहांकाळ तालुक्यात ढालगावकडे पवनचक्क्या फिरतात. शेतात सौर पंप बसत आहेत. हे चांगलेच आहे. यंत्र आले की माणुसकी गेली, असे मानणाऱ्यांपैकी बाबासाहेब नव्हते. दोष यंत्राचा नसून चुकीच्या समाजरचनेचा आहे, असे त्यांनी 1945 च्या आपल्या ग्रंथात गांधीवादावर लिहिताना मांडले. परंतु सौर पंप कोणाला मिळतो? ज्याची जमीन आणि ज्याची विहीर त्याला. कोयनेची वीज मुंबईला गेली, आणि धरणात गावे गेलेली माणसे पुनर्वसनासाठी दशकानुदशके अर्ज करीत राहिली. कोयनेची वीजही धुराविना तयार होते, हे विसरू नका. स्वच्छ वीज आपोआप न्यायी होत नाही.

उलट उदाहरणही याच मुलखात आहे, आणि ते मला फार मोलाचे वाटते. 1982 च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेले कामगार आणि दुष्काळी शेतकरी एकत्र आले. त्यांच्या चळवळीतून खानापूर तालुक्यात येरळा नदीवर बळवडी-तांदूळवाडीचे बळीराजा स्मृती धरण उभे राहिले. त्याला पैसा आला तो नदीतील वाळूच्या विक्रीतून, आणि जोडीला लोकांचे श्रम होते. पाणीवाटपाचा नियम असा की, भूमिहीनांसह प्रत्येक कुटुंबाला पाण्याचा हक्क, आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही. ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही त्यालाही पाण्याचा वाटा! आपल्या लोकांना हे वाचून नवल वाटेल. पाण्याचा हक्क जमिनीच्या सात-बाऱ्यापासून तोडला, यात खरी क्रांती आहे. बंधारा कोणीही इंजिनियर बांधून देईल.

'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण रोहिणी नदीच्या पाण्याचा तंटा असे दिले आहे. शाक्यांना कोलियांशी युद्ध हवे होते. सिद्धार्थाने दोन्ही बाजूंनी माणसे निवडावीत व त्यांनी निवाडा करावा असे सुचवले. बहुमत त्याच्या विरुद्ध गेले.

आणि 1901 साली काय घडले ते तर आपल्याच जिल्ह्यातले. खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळग्रस्तांना काम देण्यासाठी तलाव खोदला जात होता. त्या कामावर बाबासाहेबांचे वडील खजिनदार होते. त्यांना भेटायला साताऱ्याहून निघालेला बाल भीमराव मसूर स्टेशनवर उतरला. पुढे बैलगाडीच्या वाटेवर त्याला व बरोबरच्या भावंडांना कोणी पाणी दिले नाही. दुष्काळ निवारणासाठी तलाव खोदला जात होता, आणि त्याच तलावाच्या वाटेवर पोरे तहानेने व्याकूळ झाली होती.

तो मुलगा आता आय.टी.आय.मध्ये विजेचे काम शिकतो आहे. येत्या पौर्णिमेला विहारात तो सौर पंपाची जोडणी समजावून सांगेल, आणि मी बळवडीचा हिशेब फळ्यावर मांडणार आहे. तुमच्या गावात पाण्याची कोणती योजना आहे आणि लाभार्थींच्या यादीत भूमिहीन किती, हे ग्रामपंचायतीत विचारून या. लिहून आणा.