गप्प बसलेलं गाव

१९५१ साली न्यूयॉर्कच्या टोळीवाल्यांचा म्होरक्या फ्रँक कॉस्टेलो अमेरिकी सिनेटच्या केफॉव्हर समितीपुढे साक्षीला बसला. चेहरा दाखवायला त्याची हरकत होती, म्हणून घरोघरच्या दूरचित्रवाणी संचांवर दिसले ते फक्त त्याचे अस्वस्थ हात. १९५७ मध्ये त्याच्यावर गोळी झाडली गेली. तो बचावला, पण मारेकरी कोण हे त्याने कोर्टात सांगितलं नाही.

असं मौन कृष्णाकाठाला नवं नाही. वाळवा तालुक्यातल्या बोरगावच्या बापू बिरू वाटेगावकरांनी गावाला छळणाऱ्या रंगा शिंदेला संपवलं आणि सुमारे २५ वर्षं ते फरार राहिले. वाड्यावस्त्यांनी त्यांना भाकर दिली, पोलिसांना ठावठिकाणा दिला नाही. पुढे जन्मठेप भोगून ते भक्तिमार्गाला लागले. २०१८ मध्ये वारले. कॉस्टेलोचं साम्राज्य जुगाराच्या पैशावर उभं होतं. बापू लोकांच्या आठवणीत आहेत ते आयाबायांच्या अब्रूचे राखणदार म्हणून. हा फरक लहान नाही.

तरीही प्रश्न उरतो: गाव गप्प राहिलं ते मायेने की धाकाने? फौजदार लांब आणि कोर्टाची तारीख त्याहून लांब असली, की ही दोन्ही मौनं बाहेरून ओळखू येत नाहीत. कित्येकदा ती एकाच उंबऱ्याच्या आत नांदतात.

याच मातीत १९४३ पासून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चाललं. वाळवा तेव्हा सातारा जिल्ह्यात होता. त्या काळात नानाही इंग्रजांच्या हाती लागले नाहीत, आणि ‘पत्री’ या शिक्षेची दहशत तर सर्वदूर होती. चळवळीच्या आडून दरोडे घालणाऱ्यांनाही तिथे वठणीवर आणलं गेलं. पण तंटे न्यायदान मंडळांपुढे जात, निवाडा गावादेखत होई. अतिरेक तिथेही झाले असतील; पण शिक्षा एकट्याच्या मर्जीवर ठरू नये, एवढी जाण त्या रचनेत होती.

एकट्या माणसाच्या न्यायाला ही सोय नसते. त्याचा हेतू निर्मळ असला, तरी त्याने चुकीचा माणूस मारला तर दाद कुणाकडे मागायची? आपण पोवाड्यात शौर्य मोजतो, हा प्रश्न मात्र विचारत नाही. तारणहाराची परीक्षा त्याने किती दुष्ट मारले यावर नको. ‘तू चुकलास’ असं त्याला तोंडावर सांगून माणूस सुखरूप घरी जाऊ शकत होता का, यावर हवी. कॉस्टेलो या परीक्षेत नापास होतो, हे मान्य करणं सोपं आहे. आपल्या माणसाला तीच परीक्षा लावणं जड जातं, आणि तेच करायला हवं.