चूक ज्याला दिसली, त्याची

एखाद्या पुस्तकात एक वाक्य चुकले आहे. ते कोणी लिहिले याची वाचकाला कल्पना नाही. पुस्तकाला कोणी एक मालक नाही आणि ते फुकट मिळालेले असल्यामुळे कोणाकडे दाद मागावी, असा हक्कही नाही. अशा वाक्याचे उत्तरदायित्व नेमके कोणाकडे जाते? लिहिणाऱ्याकडे जाते, असे आपण चटकन म्हणतो. परंतु लिहिणारा दूरदेशी, कदाचित हयातही नसलेला. त्याच्याकडे बोट दाखवून आपण स्वतःची सुटका तर करून घेत नाही ना, अशी शंका आमच्या मनात गेल्या पावसाळ्यात उत्पन्न झाली. निमित्त अगदी घरगुती होते.

आमचा भाचा चार दिवस आमच्याकडे राहावयास आला होता. संगणकाच्या क्षेत्रात त्याची नोकरी. सायंकाळची प्रार्थना आटोपल्यावर तो आपला संगणक उघडून बसला, आणि दोन तास एकाच इंग्रजी वाक्याशी झटत राहिला. एक शब्द काढी, दुसरा घाली, पुन्हा पहिला आणी. न राहवून आम्ही विचारले, ‘‘काय रे, मृत्युपत्र लिहितोस की काय?’’

‘‘नाही मामा, दुसऱ्यांच्या पुस्तकातलं वाक्य दुरुस्त करतोय.’’

‘‘त्याचे पैसे किती?’’

‘‘पैसे नाहीत.’’

‘‘मग सांगितलं कोणी?’’

‘‘कोणीच नाही. मला चूक दिसली.’’

हे पुस्तक कशाचे, ते वाचकांना थोडक्यात सांगितले पाहिजे. पतपेढीचे सभासद, चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदी, इस्पितळातील रुग्ण अशा असंख्य नोंदी संगणकात व्यवस्थित ठेवून हव्या तेव्हा काढून देणारी जी आज्ञावली असते, तिला डेटाबेस म्हणतात. पोस्टग्रेसक्यूएल, बोलीत पोस्टग्रेस, हा असाच एक डेटाबेस. अमेरिकेतील बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांच्या मार्गदर्शनाखाली 1986 मध्ये त्याचे काम सुरू झाले. पुढे विद्यापीठाने हात आखडता घेतला, आणि 1996 पासून देशोदेशींच्या कार्यकर्त्यांनी ते आजच्या नावाने पुढे चालविले. त्याची मूळ आज्ञावली सर्वांना खुली आहे. कोणीही वाचावी, वापरावी, बदलावी. त्या आज्ञावलीच्या पोटातच तिची माहितीपुस्तिका असते. काय केल्याने काय होईल आणि काय केल्याने घात होईल, हे तीत लिहिलेले असते. भाचा दुरुस्त करीत होता तो याच पुस्तिकेतील एक परिच्छेद.

या उद्योगाची त्याला जी ओढ लागली, तिच्या मुळाशी एक दुःखद प्रसंग आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका लहानशा संस्थेच्या नोंदी त्याच्याकडे सोपविलेल्या होत्या. तेथील जुन्या माणसाने घालून दिलेल्या प्रथेप्रमाणे तो रोज रात्री डेटाबेस चालू असतानाच त्याच्या फायलींची प्रत काढून ठेवी. सात महिने प्रती जमत गेल्या. एके दिवशी डिस्क निकामी झाली, तेव्हा तो निर्धास्तपणे कपाटातील प्रत घेऊन आला, आणि ती प्रत उघडेचना. आधीची उघडेना, तिच्या आधीचीही उघडेना. संस्थेच्या बायकांनी कागदी पावत्यांवरून सहा आठवडे नोंदी पुन्हा भरल्या. ज्यांच्या पावत्या सापडल्या नाहीत, त्यांना तोंडी विश्वासावर ठेवावे लागले. एका म्हाताऱ्या बाईंनी आपण किती भरले ते सांगितले, आणि ते खरे मानावे की नाही यावर सभा झाली. ‘‘मामा, ती सभा मी विसरत नाही,’’ असे तो म्हणाला.

पुस्तिकेत काय होते? फायलींची अशी सरळ प्रत घ्यावयाची तर डेटाबेस बंद केलाच पाहिजे, नुसती लोकांची ये-जा थांबवून भागणार नाही, असे तीत स्पष्ट लिहिले होते. म्हणजे येथे पुस्तिका निर्दोष आहे. दोष न वाचणाऱ्याचा. भाचाही ते कबूल करतो. आम्ही हे मुद्दाम नोंदवितो, कारण प्रत्येक अपघाताचे खापर पुस्तकावर फोडण्याची आजकाल सोय झाली आहे. परंतु त्या प्रसंगानंतर त्याने पुस्तिका पहिल्या पानापासून वाचावयास घेतली, आणि वाचता वाचता त्याला दोन निराळे दोष आढळू लागले. काही वाक्ये चुकलेली होती. दुसरी काही खरी होती, पण त्यांतील सत्य वाचकापर्यंत पोहोचतच नव्हते.

हा दुसरा दोष आम्हास अधिक विचार करण्याजोगा वाटतो. खोटे न बोलणे एवढ्यावरच आपली सत्यनिष्ठा संपते काय? 2007 च्या प्रारंभी या प्रकल्पातील एक जुने कार्यकर्ते ब्रूस मॉम्जियन यांनी समग्र पुस्तिकेतून एक विलक्षण झाडणी केली. इंग्रजीत मुभा, सामर्थ्य आणि शक्यता यांसाठी ‘मे’, ‘कॅन’ आणि ‘माइट’ असे तीन वेगळे शब्द आहेत. पुस्तिकेत ते वाटेल तसे मिसळले होते. त्यांनी ते ठिकठिकाणी वेगळे केले. वरवर पाहता हा व्याकरणाचा किस काढणे आहे. पण आपल्या मराठीतच पाहा. ‘कारकून नोंद पुसू शकतो’ या वाक्याचे अर्थ किती? त्याला तशी परवानगी आहे, त्याला ते जमते, किंवा त्याच्या हातून तसे घडण्याचा धोका आहे. तिन्ही अर्थ आपण एकाच ‘शकतो’वर लादतो आणि ऐकणारा प्रसंग पाहून समजून घेतो. पुस्तिका वाचणाऱ्यासमोर प्रसंग नसतो, बोलणाऱ्याचा चेहरा नसतो. मध्यरात्री एकटा बसलेला, घाबरलेला मनुष्य ते वाक्य वाचतो आणि त्यावर विसंबून कळ दाबतो. धोक्याच्या जागी त्याने मुभा वाचली तर ते वाक्य खोटे नव्हते, असे म्हणून लिहिणाऱ्याला मोकळे होता येईल काय? आम्हास तसे वाटत नाही.

आता पहिल्या दोषाकडे येऊ. पुस्तिका एक सांगते आणि आज्ञावली दुसरे करते, तेव्हा चुकले कोण? भाच्याने हा प्रश्न केला तेव्हा आम्हास तो सोपा वाटला. तसा तो नाही. बहुतेक वेळा आज्ञावली योग्य असते आणि पुस्तिका मागे पडलेली असते. तेथे वाक्य बदलले की झाले. परंतु कधी वाक्य हे वर्णन नसून वचन असते, आणि वचन पाळले गेले नाही म्हणून वचनच बदलून टाकणे हा दुरुस्तीचा मार्ग नव्हे, पळवाट आहे.

एक उदाहरण देतो. दोन कारकून एकाच वेळी एका वहीवर काम करीत असले तरी परिणाम असा व्हावा की जणू एकाने आपले काम पूर्ण केले आणि मग दुसऱ्याने हात घातला. अशा कडक शिस्तीला या शास्त्रात ‘सिरियलायझेबल’ म्हणतात. पोस्टग्रेसमध्ये या नावाची सोय पूर्वीपासून होती. पण 2011 पूर्वी ती नावाला पुरेपूर जागत नव्हती, आणि जुन्या पुस्तिकेत हे उदाहरणासह कबूल केलेले आहे. पहिल्या वर्गात 10 आणि 20, दुसऱ्यात 100 आणि 200 असे आकडे आहेत. एक कारकून पहिल्या वर्गाची बेरीज 30 करून दुसऱ्या वर्गात नोंदवितो. त्याच क्षणी दुसरा कारकून दुसऱ्या वर्गाची बेरीज 300 करून पहिल्यात नोंदवितो. एकामागून एक काम झाले असते तर मागाहून येणाऱ्याची बेरीज 330 आली असती. येथे दोघांनीही एकमेकांची नोंद पाहिली नाही. आमचे नाव मोठे आहे आणि करणी त्याहून थोडी उणी आहे, असे पुस्तिकेने वाचकाला स्वतःहून सांगितले. विक्रीच्या जाहिरातीत असे वाक्य आम्ही अद्याप वाचलेले नाही.

2011 च्या 9.1 या आवृत्तीत खरी शिस्त आली आणि ती कबुली पुस्तिकेतून गेली. पुढे 2020 मध्ये काइल किंग्जबरी या परीक्षकाने ‘जेप्सन’ या आपल्या उपक्रमातून कसून तपासणी केली, तेव्हा क्वचित प्रसंगी ती शिस्त अजूनही मोडते असे उघडकीस आले. आता दोन वाटा होत्या. जुने कबुलीचे वाक्य पुन्हा घालणे सोपे होते. कार्यकर्त्यांनी आज्ञावलीतील दोष शोधला आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये दुरुस्ती दिली. आधी शब्द करणीएवढा खाली आणला होता, नंतर करणी शब्दाएवढी वर नेली. दोन्ही कृती आम्हास प्रामाणिक वाटतात. कोणती केव्हा करावी हे ठरविण्याचा काटा मात्र एकच दिसतो: या शब्दावर विसंबून कोणी काही पणाला लावले आहे काय?

मौनाची गोष्ट याहून अवघड. दुकानदार जसा व्यवहार आधी रोजकीर्दीत टिपतो आणि मागाहून खतावणीत उतरवितो, तसाच हा डेटाबेसही करतो. खतावणी डिस्कवर पक्की उतरली की कीर्दीचे जुने पान तो मोकळे करतो. ‘पक्की उतरली काय?’ हे तो संगणकाच्या मूळ प्रणालीला ‘एफसिंक’ नावाच्या आज्ञेने विचारतो. उत्तर ‘नाही’ आले तर पुन्हा विचारावे, आणि ‘होय’ आले की निश्चिंत व्हावे, अशी त्याची समजूत होती. 2018 मध्ये असे ध्यानात आले की लिनक्स प्रणाली एकदा ‘नाही’ म्हटल्यावर ते न उतरलेले पान उतरल्यासारखेच धरून चालते. दुसऱ्यांदा विचारले की ‘होय’ म्हणते, आणि मधली नोंद निमूटपणे नाहीशी होते. दुसऱ्या उत्तराला काही किंमत नाही, हे वाचकाला कळेल अशा शब्दांत त्या आज्ञेच्या पुस्तिकेत सांगितलेले नव्हते. सुमारे वीस वर्षे ही समजूत तशीच चालली. कोणी असत्य लिहिले नव्हते. जे लिहावयास हवे होते तेवढेच राहून गेले होते. 2019 च्या फेब्रुवारीत पोस्टग्रेसची रीत बदलली. आता एकदा ‘नाही’ ऐकले की तो स्वतःला थांबवितो आणि कीर्दीवरून सगळे पुन्हा उतरवून घेतो. हे का करावे लागते, तेही पुस्तिकेत लिहिलेले आहे.

येथे आम्ही भाच्याला एक आक्षेप घेतला. ‘‘तुला चूक दिसली हे ठीक. पण ती चूकच आहे कशावरून? तू काही त्यांच्यातला नव्हेस.’’ तो हसला. पहिल्यांदा पाठविलेली त्याची दुरुस्तीच चुकीची होती. पुस्तिकेतील वाक्य बरोबर होते आणि त्याची समजूत अपुरी होती. तपासणाऱ्याने ते दोन ओळींत, न रागावता, कळविले. शिवाय कोणी कोणती ओळ केव्हा बदलली याची नोंद तेथे कायम राहते. जुने वाक्य खोडून अदृश्य करता येत नाही. तेव्हा अज्ञानाचे भय हे गप्प बसण्याचे कारण होऊ शकत नाही. उलट, ‘मी कोण सांगणारा?’ या नम्रतेत आळसाचा अंश किती, हे ज्याने त्याने तपासावे. मालक असलेल्या घरात गळका नळ पाहून पाहुणा गप्प बसला तर एक वेळ चालेल. जे घर सर्वांचे आहे तेथे पाहुणा असा कोणी नसतोच. चूक ज्याला दिसली, तिच्यापुरता तोच लेखक. दुसऱ्या कोणाला ती दिसेल, असे धरून चालण्याचा अधिकार त्याला कोठून मिळाला?

तरी या तत्त्वालाही एक भिंत आहेच. पोस्टग्रेसची प्रत्येक मोठी आवृत्ती पाच वर्षे सांभाळली जाते. त्यानंतर तिची पुस्तिका वाचावयास मिळते, पण ही आवृत्ती आता सांभाळली जात नाही अशी सूचना वर येते आणि आतील मजकूर तसाच राहतो. नव्या पुस्तिकेत सुधारलेले वाक्य तेथे जुन्याच रूपात आहे, आणि जुनी आवृत्ती वापरणारे लोक तेच वाचीत असतात.

भाच्याची ती जुनी संस्था अशाच एका आवृत्तीवर आजही काम करते. नवी घालण्यास खर्च येतो, आणि माणूस मिळत नाही. त्याची दोन तासांची दुरुस्ती नऊ दिवसांनी स्वीकारली गेली. तपासणाऱ्याने तीत आणखी एक शब्द बदलला होता, आणि तो बदल आपल्यापेक्षा चांगला होता, असे त्याने आम्हास दूरध्वनीवरून सांगितले. त्याच आठवड्यात तो त्या संस्थेत जाऊन आला. तेच वाक्य त्याने मराठीत, मोठ्या अक्षरांत, एका पुठ्ठ्यावर लिहून प्रती ठेवण्याच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटविले. खाली तारीख घातली, आणि आपला दूरध्वनी क्रमांक.