अभावाचे अधिकरण

एखादी वस्तू नसणे, म्हणजे अभाव, हा उत्तरकालीन वैशेषिकांनी सातवा पदार्थ मानला, आणि त्याचे ज्ञान कोणत्या प्रमाणाने होते यावर मीमांसक व नैयायिक यांच्यात दीर्घकाळ वाद चालला. कुमारिल भट्टांच्या परंपरेने त्यासाठी अनुपलब्धी, म्हणजे न आढळणे, हे सहावे प्रमाण मानले, तर नैयायिकांच्या मते अभाव प्रत्यक्षानेच कळतो. मात्र वस्तू तेथे असती तर ती दिसलीच असती, ही योग्यतेची अट दोन्ही परंपरांना मान्य आहे, कारण अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही एवढ्यावरून तो तेथे नाही असे ठरत नाही.

पायथन या संगणकभाषेत अमुक नावाचे मॉड्यूल नाही असा संदेश येतो, तेव्हा हाच प्रश्न उभा राहतो. न्यायमताप्रमाणे प्रत्येक अभावाला एक प्रतियोगी, म्हणजे जे नाही ते, आणि एक अधिकरण, म्हणजे जेथे ते नाही ते स्थान, असावे लागते. हा संदेश प्रतियोगीचे नाव सांगतो आणि अधिकरण गाळतो, त्यामुळे वाचणारा संपूर्ण संगणकालाच अधिकरण समजतो. वस्तुतः शोध घेतला जातो तो 'सिस डॉट पाथ' या यादीतील फोल्डरांमध्येच, आणि तोही क्रमाने: सामान्यतः आधी चालवलेल्या फाइलीचे स्वतःचे फोल्डर, मग 'पायथनपाथ' या चलात दिलेली स्थाने, मग प्रमाणित ग्रंथालय, आणि शेवटी बाहेरून आणलेल्या पॅकेजांचे 'साइट-पॅकेजेस'. एका संगणकावर पायथनच्या दोन आवृत्त्या असतील, तर 'पिप' या साधनाने एकीच्या फोल्डरात ठेवलेले पॅकेज दुसरीला सापडत नाही, आणि 'इन्स्टॉल तर केले आहे' ही वापरणाऱ्याची तक्रार व यंत्राचा नकार ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी ठरतात.

क्वचित दोष प्रतियोगीतही असतो, जसे 'पिलो' हे पॅकेज इन्स्टॉल करून आयात मात्र 'पीआयएल' या नावाने करावे लागते. याहून फसवा प्रकार भ्रमाचा आहे: स्वतःच्या फाइलीला 'रँडम' असे नाव दिले, तर यादीत तिचे फोल्डर आधी येत असल्याने प्रमाणित मॉड्यूलऐवजी तीच उचलली जाते. शिंपलीला रजत समजणाऱ्या माणसाप्रमाणे येथे शोध सफल होतो, पण वस्तू भलतीच हाती येते. शिवाय एकदा आयात झालेले मॉड्यूल चालू सत्रात स्मरणातूनच दिले जाते, त्यामुळे फाइल बदलली तरी जुनेच रूप मिळत राहते. स्मृतीला प्रमा, म्हणजे यथार्थ अनुभव, न मानणाऱ्या नैयायिकांची सावधगिरी येथे रास्तच वाटते.

म्हणून अशा वेळी पॅकेज पुन्हा इन्स्टॉल करणे हा उपाय बहुधा घाईचा असतो. आधी 'सिस डॉट एक्झिक्युटेबल' छापून कोणते पायथन चालू आहे ते पाहावे, मग 'सिस डॉट पाथ' वाचावी, आणि पॅकेज आणायचेच असेल तर त्याच पायथनकडून 'पिप' चालवून घ्यावे.