सोसणं आणि सांभाळणं

प्रवासाच्या गप्पांत हल्ली एक वाक्य फार वेळा कानावर येतं. कुणी नायजेरियाला, काँगोला निघालं की घरचे घाबरतात, आणि तिकडे जाऊन आलेला कुणीतरी धीर देतो : ‘अरे, तिथली माणसं राहतातच ना? काही होत नाही.’ मोबाईलवरच्या कितीतरी चित्रफिती याच वाक्यावर उभ्या असतात. रस्त्यावरचं खाणं, एका मोटारसायकलवर तिघं, हसरे चेहरे, आणि शेवटी प्रसारमाध्यमं उगाच भीती घालतात असा निकाल. या वाक्यात माणुसकी आहे हे मला मान्य आहे. एका अख्ख्या देशावर ‘धोकादायक’ असा शिक्का मारून मोकळं होण्यापेक्षा ते बरं. पण ते खोटं आहे, आणि त्याच्या भरवशावर माणसं आजारी पडतात, प्रसंगी मरतात. म्हणून ते नुसतं भाबडं म्हणून सोडून देता येत नाही.

प्रवासातल्या जोखमीबद्दलच्या बाकीच्या मतांवर फार वेळ घालवायचं कारण नाही. परराष्ट्र खात्यांच्या लाल-पिवळ्या नकाशांवरून देश कळतो, रस्ता आणि वेळ कळत नाही. विमा लागतोच, पण तो घडून गेल्यानंतरचा. आणि नशिबावर हवाला ठेवणाऱ्याशी वाद होऊच शकत नाही.

नायजेरियाचंच उदाहरण घेऊ. औषधं, यंत्रसामग्री, बांधकाम अशा कामांसाठी मुंबई-पुण्याची माणसं तिथे वर्षानुवर्षं जात आहेत. ‘तिथली माणसं राहतात’ म्हणजे नेमकं काय करतात?

2023 साली जगात मलेरियाने सुमारे 5 लाख 97 हजार माणसं गेली. त्यांतली 30 टक्क्यांच्या आसपास एकट्या नायजेरियातली, आणि बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. लागोसमधला चाळिशीचा माणूस ताप अंगावर काढतो आणि दोन दिवसांनी कामावर दिसतो. ते पाहून पाहुण्याला वाटतं, इथला मलेरिया सर्दीपडशासारखाच. त्या माणसाच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती आहे खरी, पण ती लहानपणापासून पुनःपुन्हा तापाने फणफणून आलेली आहे. त्याच्या बरोबरीची जी मुलं त्या तापांत गेली, ती आपल्याला भेटत नाहीत. आपली गाठ पडते ती वाचलेल्यांशी. ही किंमत रक्तातसुद्धा उतरली आहे. सिकलसेलचा जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आला, तर घातक मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं. म्हणून नायजेरियात चारांतल्या जवळपास एकात तो आढळतो. दोघांकडून आला, तर मूल जन्मभर वेदना भोगतं. नंदुरबारला किंवा विदर्भातल्या आदिवासी पाड्यांवर सिकलसेलचं दुखणं ज्यांनी जवळून पाहिलं आहे, त्यांना ते काय असतं हे सांगायला नको. याला ‘तिथल्या लोकांना काही होत नाही’ म्हणणं मला क्रूर वाटतं. त्या लोकांना जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. आणि त्यांना ते नको आहे, म्हणूनच पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होणारी आर-21 लस 2024च्या अखेरीपासून तिथल्या बाळांना मिळू लागली. प्रवाशाला तिचा उपयोग नाही, ती मुलांसाठी आहे.

शिवाय अंगातली ही प्रतिकारशक्ती टिकतही नाही. ब्रिटनमध्ये मलेरिया घेऊन परतणाऱ्यांत हौशी पर्यटक थोडे असतात. बरेच जण पश्चिम आफ्रिकेत आपल्याच घरी, आपल्याच माणसांना भेटायला गेलेले असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांनी प्रतिबंधक गोळ्या घेतलेल्या नसतात. आपलंच गाव, त्यात गोळ्या कसल्या! आपल्याकडेही हेच घडतं. ब्रिटन-अमेरिकेत आढळणारा टायफॉईड मोठ्या प्रमाणात भारतीय उपखंडातून जातो, आणि आजोळी सुट्टी घालवून परतलेली कुटुंबं त्याच्या तावडीत जास्त सापडतात. लंडनमध्ये वाढलेल्या नातवाच्या दृष्टीने साताऱ्याचं किंवा सोलापूरचं पाणी जोखमीचंच आहे. आजीला ते चालतं हा त्याच्यासाठी पुरावा नाही.

एवढं झालं सोसण्याचं. त्याच माणसांची दुसरी बाजू वेगळी आहे, आणि ती पाहुण्याच्या नजरेत क्वचितच भरते.

माझा एक भाचा लागोसच्या इकेजा भागात नोकरीला आहे. त्याच्या गाडीचा ड्रायव्हर मूळचा तिथलाच. बाहेरगावी निघायचं असलं की तो सकाळीच दोन-तीन फोन करतो : बस-अड्ड्यावरच्या ओळखीच्या माणसाला, वाटेवरच्या एका मेव्हण्याला. रस्ता कसा आहे, कुठे अडवाअडवी आहे का, टँकर उलटलाय का. दुपार कलली की इबादानच्या रस्त्याला तो गाडी घालत नाही. ‘ओगा (साहेब), उद्या’ एवढंच म्हणतो आणि किल्ली खिशात टाकतो. वाहतूक तुंबली, ज्याला तिथे ‘गो-स्लो’ म्हणतात, की काचा वर आणि दारं बंद. अंधारात पोलिसांचा नाका आला की गाडीतला दिवा आधी लावतो, म्हणजे आत कोण बसलंय ते दिसावं. रस्त्यावर पाण्याची पिशवी घेताना ती उलटसुलट करून तिच्यावरचा नॅफडॅकचा, म्हणजे तिथल्या अन्न-औषध खात्याचा, क्रमांक पाहतो. हे सगळं करताना त्याच्या चेहऱ्यावर भीती नसते. शेजारी बसलेल्या नवख्याला म्हणूनच वाटतं की हा निर्धास्त आहे. वास्तविक त्या गाडीत सगळ्यांत सावध माणूस तोच असतो.

तिथली माणसं राहतात ती अशी, दोन तऱ्हांनी. काही गोष्टी इलाज नाही म्हणून सोसतात, काही जाणतेपणाने सांभाळतात. दोन्ही एकाच शरीरात, एकाच दिवसात मिसळलेल्या असतात, म्हणून बाहेरच्याला वेगळ्या ओळखता येत नाहीत. चित्रफीत काढणारा नेमकं सोसणं उचलतो, कारण कॅमेऱ्याला तेच दिसतं : उघड्यावरचं पाणी, हेल्मेटशिवायची मोटारसायकल, मच्छरदाणीशिवायची झोप. सकाळचे ते फोन चित्रफितीत येत नाहीत. वास्तविक रस्ता ही जोखीम अपहरणाइतकी बातमीत नसते, पण आफ्रिकेत दर लाख लोकसंख्येमागे वर्षाला 19च्या आसपास माणसं रस्त्यावर मरतात. जगात हे प्रमाण तिथे सर्वाधिक आहे.

सांभाळणं शिकता येतं, आणि त्यात शौर्य लागत नाही. पीतज्वराची लस निघण्याआधी किमान दहा दिवस घ्यायची. तिचा दाखला नसेल तर परत येताना भारतातच सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करायच्या आणि परतल्यावरही सांगितलेल्या मुदतीपर्यंत घ्यायच्या. नेमक्या इथेच आपण चुकतो. आपल्या एका पिढीच्या मनात मलेरिया म्हणजे थंडी, ताप आणि क्लोरोक्विन. पश्चिम आफ्रिकेतल्या घातक फाल्सिपॅरम मलेरियाला क्लोरोक्विन पुरत नाही, आणि उपचार लांबले तर तो एक-दोन दिवसांत जीव घेऊ शकतो. परतल्यावर तीन महिन्यांच्या आत ताप आला, तर ‘व्हायरल असेल’ म्हणत वाट पाहायची नाही. त्याच दिवशी डॉक्टरांना ‘नायजेरियाहून आलोय’ हे स्वतःहून सांगायचं, रक्त तपासायला लावायचं, आणि पहिल्या तपासणीत काही निघालं नाही तर पुन्हा तपासायला लावायचं. कोथरूडच्या दवाखान्यात बसलेल्या डॉक्टरांना तुमचा पासपोर्ट दिसत नसतो.

असं सांभाळणं साऱ्या शहराला कसं वाचवतं, ते लागोसने 2014 साली दाखवलं. लायबेरियाहून विमानाने आलेला एक आजारी माणूस तिथल्या एका खासगी रुग्णालयात दाखल झाला. डॉ. अमेयो स्टेला अडाडेव्हो यांना इबोलाचा संशय आला. रुग्णाला सोडून द्या म्हणून त्यांच्यावर दबाव होता. त्यांनी सोडलं नाही. नायजेरियात एकूण 20 जणांना लागण झाली, 8 जण गेले, त्यांत त्या स्वतः होत्या. कोट्यवधींच्या त्या शहरात इबोला तेवढ्यावर थांबला. ‘काही होत नाही’ म्हणणारा कुणी त्यांच्या जागी असता तर काय झालं असतं याचा विचार मला करवत नाही.

सोसणं आणि सांभाळणं या भेदाला एक अडचण आहे आणि ती मला टाळायची नाही. पाहुण्याला सांभाळून हॉटेलवर पोचवल्यावर तो ड्रायव्हर घरी कसा जातो? पिवळ्या डान्फो बसमधून, अंधारात, दीड-दोन तासांच्या रस्त्याने. जो प्रवास तो पाहुण्याला करू देत नाही, तोच. कंपन्यांचे सुरक्षेचे नियम बहुधा फाटकापाशी संपतात. म्हणजे आपलं सांभाळणं कुणाच्या तरी सोसण्यावर उभं असतं, आणि हे तिथली माणसं राहतातच म्हणणाऱ्याला जितकं दिसत नाही, तितकंच सगळी काळजी घेऊन फिरणाऱ्यालाही दिसत नाही. भाच्याने याबद्दल कार्यालयात भांडण केलं. आता लांबच्या भेटी दुपारी दोनच्या आत आटोपतात, उशीर झालाच तर आवारातच ड्रायव्हरला खोली मिळते, आणि त्याच्या ताप-तपासणीचा खर्च कंपनी देते. काही ग्राहक लवकर उठावं लागतं म्हणून कुरकुरतात. पण येतात.